अनुदानाचा जाब कोणी विचारायचा?

महाराष्ट्र विधानसभेच्या निवडणुकीची घोषणा १५ ऑक्टोबर २०२४ रोजी झाली. आचारसंहिता लागण्यापूर्वीच्या त्या दिवसांत मंत्रालयातून शासननिर्णयांचा जो पाऊस पडला, त्यात एक निर्णय अंशतः अनुदानित शाळांविषयी होता. २०, ४० किंवा ६० टक्के अनुदानावर वर्षानुवर्षे अडकून पडलेल्या शाळांना आणखी २० टक्क्यांचा टप्पा देण्याचे सरकारने मान्य केले. निवडणूक पार पडली, सरकार प्रचंड बहुमताने परत आले, मार्च २०२५ चा अर्थसंकल्पही मांडला गेला. परंतु त्या टप्प्यासाठी लागणाऱ्या पैशाची तरतूद त्यात नव्हती. पावसाळी अधिवेशनाच्या पुरवणी मागण्यांतही ती दिसेना, तेव्हा जुलै २०२५ मध्ये हे शिक्षक आझाद मैदानात येऊन बसले. ज्यांनी आपापल्या कारकिर्दीत याच शाळांना तिष्ठत ठेवले होते, त्या पक्षांचे नेते तेथे सहानुभूती व्यक्त करायला तत्परतेने पोहोचले. मग सरकार हलले आणि पैशाची सोय झाली.

हा प्रसंग एका सरकारपुरता असता तर त्याला एवढे महत्त्व देण्याचे कारण नव्हते. शासननिर्णय काढणे आणि पैसा देणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मंत्रालयातल्या कारकुनालाही ठाऊक असते. वित्त विभागाची सहमती लागते, लेखाशीर्षाखाली रक्कम टाकावी लागते, विधानसभेने ती मागणी मंजूर करावी लागते; त्यानंतर कोषागार आणि मग शिक्षकाचे बँक खाते. आपल्या राज्यकर्त्यांना या साखळीतील पहिली कडी अतिशय प्रिय आहे, कारण तिला काही खर्च येत नाही आणि तिचे श्रेय मात्र रोख मिळते.

प्रश्न असा, की २० नोव्हेंबर २०२४ च्या मतदानापूर्वी २८८ मतदारसंघांत उभ्या असलेल्या ४,१३६ उमेदवारांपैकी कितीजणांना याविषयी कोणी विचारले? 'निर्णय झाला, पैसा कोणत्या मागणीतून येणार?' एवढे एकच वाक्य. सभा झाल्या, रोड शो झाले, हेलिकॉप्टरच्या बॅगा तपासण्यावरून चार दिवस गदारोळ झाला, दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी आठ-आठ चेहरे एकमेकांवर ओरडत बसले. एकाच मतदारसंघातील प्रमुख उमेदवार एका व्यासपीठावर बसले आहेत, समोर पालक, शिक्षक आणि शाळा चालवणारी मंडळी आहेत आणि गावच्या शाळेचा हिशेब विचारला जात आहे, असे चित्र कोठे क्वचित दिसले असेल तर तो अपवाद. ज्या महाराष्ट्रात १८७५ साली न्यायमूर्ती रानडे यांच्या प्रेरणेने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, ज्याच्या तालुक्या-तालुक्यांत आजही व्याख्यानाला सतरंजी अंथरली जाते, त्या महाराष्ट्रात उमेदवाराला मात्र प्रश्नोत्तराला बोलावण्याची प्रथा रुजू नये, ही गोष्ट आपल्या सार्वजनिक जीवनाविषयी बरेच काही सांगून जाते.

निवडणुकीत पैशाची चर्चा झाली नाही असे नाही. उलट, ती इतकी झाली की दुसरे काही ऐकू येईनासे झाले. जून २०२४ च्या अतिरिक्त अर्थसंकल्पात मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना आली. दरमहा १,५०० रुपये आणि त्यासाठी वर्षाला ४६,००० कोटी. प्रचारात महायुतीने २,१०० रुपयांचे वचन दिले, तर ज्यांनी आदल्या महिन्यापर्यंत या योजनेला खिरापत म्हटले होते त्या महाविकास आघाडीने थेट ३,००० रुपये जाहीर केले. लिलावात बोली लावावी तसे हे चालले होते. शिक्षणाचा उल्लेख झाला तोही याच भाषेत झाला. एकाने दहा लाख विद्यार्थ्यांना दरमहा दहा हजारांचे विद्यावेतन देऊ केले. दुसऱ्याने मुलींप्रमाणे मुलांनाही मोफत शिक्षण देऊ असे सांगितले. मोफत म्हणजे कोणाच्या खर्चाने, तो खर्च संस्थेला कोणत्या महिन्यात मिळणार, त्यासाठी दुसरा कोणता खर्च कमी होणार, हे सांगण्याची गरज कोणालाच वाटली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निकालानंतर निवडणूक आयोगाने आचारसंहितेत जाहीरनाम्यांसाठी स्वतंत्र भाग घातला. वचनामागील तर्क आणि त्यासाठी लागणारा पैसा कोठून येईल याची ढोबळ दिशा जाहीरनाम्यात दिसावी, अशी त्यात अपेक्षा आहे. ती अपेक्षाच राहिली. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेसाठी ३६,००० कोटी आले आणि २,१०० चा आकडा आला नाही, तेव्हा विरोधकांनी फसवणुकीचा आरडाओरडा केला. आपण ३,००० कोठून देणार होतो, याचे उत्तर त्यांच्याकडेही नव्हते.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. गरीब घरातल्या बाईच्या हातात थेट चार पैसे पडले याबद्दल कोणाच्याही पोटात दुखण्याचे कारण नाही. त्या पैशातून औषध आले असेल, भिशी भरली गेली असेल, पोराची वह्या-पुस्तके आली असतील. परंतु एक साधा हिशेब घालून पाहावा. दरमहा १,५०० म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळेत पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेवर शिकणाऱ्या मुलासाठी राज्य सरकारने ठरवलेली वार्षिक प्रतिपूर्ती आहे १७,६७० रुपये. म्हणजे ज्या सरकारला आईच्या खात्यात महिन्याच्या महिन्याला रक्कम टाकता येते, त्याला जवळपास तेवढीच रक्कम त्याच आईच्या मुलासाठी शाळेला द्यायची असली की वर्षानुवर्षे थकबाकी ठेवावी लागते. यंत्रणा तीच, संगणक तेच, तिजोरीही तीच. फरक इतकाच की आईला मत आहे आणि तिसरीतल्या मुलाला नाही.

थकबाकी वाढली तेव्हा सरकारने काय केले? फेब्रुवारी २०२४ मध्ये नियमच बदलला. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला ही पंचवीस टक्क्यांची सक्ती नको, असे ठरले. उच्च न्यायालयाने त्याला आधी स्थगिती दिली आणि जुलै २०२४ मध्ये तो बदल रद्दच केला. विधानसभा निवडणुकीच्या चार महिने आधी राज्याच्या शिक्षणखर्चाविषयी इतका मोठा निकाल लागतो आणि प्रचारात त्याचा मागमूसही नसतो! लाखभर कुटुंबांच्या प्रवेशाचा प्रश्न होता, पण तो घोषणेत बसण्यासारखा नव्हता.

अनुदानाच्या प्रश्नाचे मूळ मात्र याहून जुने आहे, आणि आज मैदानात जाऊन अश्रू ढाळणाऱ्यांना ते आठवून देणे जरूर आहे. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने अभियांत्रिकी महाविद्यालयांना विनाअनुदान तत्त्वावर परवानगी दिली. त्यामागे निदान एक विचार होता. मराठी मुले कर्नाटकात देणग्या देऊन शिकायला जात होती, ती इथे शिकावीत. पुढे हेच तत्त्व माध्यमिक आणि प्राथमिक शाळांपर्यंत उतरले. २००१ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादीच्या राजवटीत 'कायम विनाअनुदानित' हा शब्दप्रयोग आला. अनुदान कधीही मागणार नाही, असे लिहून घेऊन शाळांना मान्यता देण्यात आल्या. २०००च्या सुमारास शिक्षणसेवक नावाची पद्धत सुरू झाली होतीच. तीन वर्षे तुटपुंज्या मानधनावर काम केल्यानंतर नियमित वेतनश्रेणी. हे मानधन किती तुटपुंजे होते? प्राथमिकच्या शिक्षणसेवकाचे ६,००० रुपयांचे मानधन १६,००० व्हायला २०२३ साल उजाडावे लागले.

२००९ मध्ये विधानसभा निवडणूक तोंडावर आली आणि शाळांच्या मान्यतेतील 'कायम' हा शब्द काढून टाकण्यात आला. शब्द गेला, पैसा मात्र आला नाही. पहिला २० टक्क्यांचा टप्पा मिळायला २०१६ उजाडले, म्हणजे दुसऱ्या आघाडीचे सरकार यावे लागले. आणि त्या सरकारनेही टप्पे पाडण्यापलीकडे धाडस दाखवले नाही. २०१९ मध्ये तिसरे समीकरण आले, २०२२ मध्ये चौथे. या अवधीत जो तरुण पंचविसाव्या वर्षी विनावेतन शाळेत लागला, तो पन्नाशीकडे झुकला. सकाळी शाळा, दुपारनंतर शेतात मजुरी किंवा दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहिणे, हे त्याचे जीवन आहे. त्याच्या वर्गातील मुलांना तो आदर्श नागरिक होण्याचे धडे देतो. 'गुरुर्ब्रह्मा' म्हणणारा समाज आपल्या गुरूला वीस टक्के पगारावर ठेवतो आणि पाच सप्टेंबरला गुलाबाचे फूल देतो.

या व्यवहारात हात काळे झालेले केवळ राज्यकर्ते नाहीत, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. विनाअनुदानित शाळा हा अनेक पुढाऱ्यांचा जोडधंदा झाला. आज ना उद्या अनुदान येईल या आशेवर शेत विकून, कर्ज काढून नोकरीसाठी पैसे मोजणारे उमेदवार आणि ते मोजून घेणारे संस्थाचालक, ही गोष्ट ग्रामीण महाराष्ट्रात गुपित राहिलेली नाही. २०२५ मध्ये नागपूर विभागात बनावट शालार्थ ओळख क्रमांक देऊन नेमणुका झाल्याचे प्रकरण उघडकीस आले, शिक्षण खात्यातील अधिकाऱ्यांना अटक झाली. म्हणजे इकडे प्रामाणिक शिक्षक हक्काच्या टप्प्यासाठी चिखलात बसतो आणि तिकडे भलताच कोणी मागच्या दाराने शंभर टक्के वेतन घेऊन जातो. अनेक ठिकाणी संस्थाचालकच आमदार असतो किंवा आमदाराचा व्याही असतो. मग अनुदानाविषयी व्यासपीठावर प्रश्न विचारला जाणे कोणाला सोयीचे असेल? या गोंधळात ज्या संस्था पदरमोड करून, समाजातून धान्य आणि देणग्या गोळा करून वनवासी पाड्यांवर वा शहरातील वस्त्यांत निष्ठेने शाळा चालवतात, त्याही त्याच मापाने मोजल्या जातात. खडू, वीजबिल आणि सफाई यांसाठी असलेले वेतनेतर अनुदान तर त्यांना इतके अपुरे मिळते की मुख्याध्यापकाला मुलांआधी माजी विद्यार्थ्यांचा शोध घ्यावा लागतो.

आता मुळाशी असलेल्या एका घटनात्मक विसंगतीकडे वळावे लागेल. राज्यघटनेच्या १७१व्या अनुच्छेदाने विधान परिषदेत शिक्षकांना आणि पदवीधरांना स्वतंत्र प्रतिनिधित्व दिले. महाराष्ट्राच्या ७८ सदस्यांच्या परिषदेत सात शिक्षक आमदार आणि सात पदवीधर आमदार असतात. योजना उदात्त होती. तिचा प्रत्यक्ष परिणाम विपरीत झाला. शाळेचा विषय निघाला की विधानसभेचा आमदार सहजपणे म्हणतो, 'ते शिक्षक आमदार बघून घेतील.' परंतु राज्याच्या तिजोरीवर विधान परिषदेचा अधिकार किती? खर्चाच्या मागण्या केवळ विधानसभेपुढे ठेवल्या जातात आणि त्यांवर केवळ विधानसभा मतदान करते. धनविधेयकाबाबत परिषद फक्त शिफारस करू शकते, आणि तीही चौदा दिवसांच्या आत. म्हणजे ज्या सभागृहात शिक्षकांचा प्रतिनिधी बसतो तेथे पैशाचा निर्णय होत नाही, आणि जेथे पैशाचा निर्णय होतो तेथे निवडून जाणाऱ्याला शिक्षणाविषयी कोणी विचारत नाही. भरीस भर म्हणजे शिक्षक मतदारसंघात मतदानाचा हक्क माध्यमिक आणि त्यावरच्या शिक्षकांनाच आहे. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत मुळाक्षरे गिरवून घेणाऱ्या शिक्षकाला तेवढाही आवाज नाही.

शिक्षण विभागाच्या मागणीला हात वर करणारा किंवा चर्चेविना ती मंजूर होऊ देणारा तो विधानसभेचा आमदारच अनुदानाचा खरा उत्तरदायी आहे. मतदाराला हे कोणी सांगितलेले नाही.

महाराष्ट्राला ही चर्चा नवी आहे काय? मुळीच नाही. सरकारी तिजोरीतील शिक्षणाचा पैसा कोणासाठी खर्च व्हावा, हा वाद महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे मांडला. शेतकऱ्याच्या करातून गोळा झालेला पैसा उच्च शिक्षणाकडे वळतो आणि शेतकऱ्याचा मुलगा प्राथमिक शाळेवाचून राहतो, ही त्यांची तक्रार होती. आणि ती थेट हिशेबाची तक्रार होती. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, तेव्हा सक्तीच्या शिक्षणाचा खर्च दोन तृतीयांश सरकारने आणि एक तृतीयांश स्थानिक संस्थांनी उचलावा, असा स्पष्ट भाग त्यांनी मांडला. मार्च १९१२ मध्ये ते विधेयक १३ विरुद्ध ३८ मतांनी पडले. पण विरोध करणाऱ्यांना उभे राहून कारणे द्यावी लागली. कोणी खर्चाचे कारण दिले, कोणी सक्तीचे. ती सर्व नोंदली गेली आणि शंभर वर्षांनंतरही वाचता येतात. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९०६ मध्ये आणि कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण आपापल्या संस्थानात लागू करून दाखवले. शाहू महाराजांनी तर मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. आज या तिघा-चौघांच्या तसबिरींना हार घालून प्रचाराचा नारळ फुटतो आणि त्यांनी घातलेला वाद मात्र त्या व्यासपीठाजवळ फिरकत नाही.

कोठारी आयोगाने १९६६ मध्ये राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च करण्याचे उद्दिष्ट सांगितले. १९६८, १९८६ आणि २०२० या तिन्ही राष्ट्रीय धोरणांनी ते पुन्हा पुन्हा उच्चारले. २०२० च्या धोरणाचे स्वागत राष्ट्रीय वृत्तीच्या सर्वांनी मनापासून केले, ते योग्यच होते. मातृभाषेतून शिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, कौशल्ये, हे सगळे त्यात आहे. परंतु मातृभाषेतून शिकवणाऱ्या शाळेत शिक्षकच नसेल तर धोरणातील मातृभाषा छापील पानावरच राहील. २०१२ पासून शिक्षकभरती दीर्घकाळ रोखून धरली गेली. २० पेक्षा कमी पटसंख्येच्या चौदा हजारांहून अधिक शाळा राज्यात आहेत, त्यांत दीड लाखांहून अधिक मुले शिकतात. सप्टेंबर २०२३ मध्ये या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचा विचार पुढे आला. एखाद्या ठिकाणी तो हिताचाही असेल. सह्याद्रीच्या घाटातली सहा वर्षांची मुलगी ओढा ओलांडून रोज पलीकडच्या गावी जाईल की घरी बसेल, हा प्रश्न पटावरच्या आकड्याने सुटत नाही. या मतदारसंघांतील उमेदवारांनी त्यावर आपली भूमिका सांगायला नको होती काय?

चर्चा व्हायची तेव्हा होते, पण कशावर? एप्रिल ते जून २०२५ मध्ये पहिलीपासून तिसऱ्या भाषेच्या निर्णयावरून महाराष्ट्र ढवळून निघाला. २९ जूनला सरकारने ते निर्णय मागे घेतले, ५ जुलैला वरळीत विजयाची सभा झाली. मराठीच्या नावाने दोन भाऊ एकत्र आले, याचे केवढे कौतुक झाले! आणि त्याच आठवड्यात, त्याच मुंबईत, मराठी माध्यमाच्या शाळांतले शिक्षक अर्ध्यामुर्ध्या पगारासाठी आझाद मैदानात येऊन बसले. ज्या भाषेसाठी गळा काढला जात होता, ती शिकवणारी माणसे पाच-सात मैलांवर भिजत होती. सभेला गेलेल्या किती पुढाऱ्यांची मुले मराठी शाळेत शिकली, हा प्रश्न येथे विचारण्यात अर्थ नाही. उत्तर सर्वांना माहीत आहे.

शाळा हा निवडणुकीचा विषय होऊ शकत नाही, असे एक पालुपद राजकीय पंडित नेहमी आळवतात. २०२० ची दिल्लीची निवडणूक त्यांनी आठवावी. आम आदमी पक्षाने शाळांच्या इमारती प्रचारात आणल्या. त्यांचे दावे किती खरे आणि जाहिरातबाजी किती, यावर भाजपच्या खासदारांनी मोडकळीस आलेल्या शाळांच्या चित्रफिती दाखवून उत्तर दिले. वाद कडवट झाला, काही बाबतीत पोरकटही झाला. पण मतदारांनी वर्ग, छत आणि शिक्षक यांविषयी दोन्ही बाजू ऐकल्या. त्या पक्षाला २०२५ मध्ये मतदारांनी घरी बसवले, हे खरे. शाळेचा हिशेब विचारता येतो एवढे मात्र त्या निवडणुकीने दाखवून दिले.

महाराष्ट्रात हे काम सरकार करणार नाही आणि पक्षही करणार नाहीत. उमेदवाराला निवडणूक खर्चाची ४० लाखांची मर्यादा आहे; मंडप, गाड्या आणि ढोलताशांतच ती संपते. गावोगावच्या शिक्षणसंस्था, पालक संघ, ग्रंथालये, व्याख्यानमाला आणि सेवाकार्यात गुंतलेली मंडळी यांनाच पुढे यावे लागेल. उमेदवार कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या विचारांचा असला तर अधिकच, त्याला सर्वांसमोर बोलावून विचारले पाहिजे की या तालुक्यात अंशतः अनुदानित शाळा किती, त्यांचा पुढचा टप्पा कोणत्या वर्षीच्या अर्थसंकल्पात येणार, शिक्षण हक्काच्या प्रवेशांची थकबाकी किती आणि तालुक्यात शिक्षकांची रिक्त पदे किती. आपल्या विचारांचा माणूस म्हणून त्याला या प्रश्नांतून सूट देणारे कार्यकर्तेच उद्या त्याच्या दारात शाळेची फाइल घेऊन उभे राहतात आणि 'पाहू' एवढे उत्तर घेऊन परत येतात.

विधानसभेची मुदत २०२९ पर्यंत आहे. तोपर्यंत दरवर्षी मार्चमध्ये अर्थसंकल्प येणार आहे आणि शिक्षण विभागाच्या मागणीवर मतदान होणार आहे. त्या दिवशी आपला आमदार सभागृहात होता की नव्हता, बोलला की नाही आणि काय बोलला, हे विधिमंडळाच्या कार्यवाहीत छापलेले असते. तालुक्याच्या प्रत्येक शाळेत फळा आहे. ते वाक्य त्यावर लिहून ठेवायला खडूचा खर्च मात्र शाळेलाच सोसावा लागेल.